एका संगणकात दोन संसार

माझे आजोळ बडोद्याचे. रावपुऱ्यात, चिमणाबाई टॉवरपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या माडीवर मामांचे बिऱ्हाड आहे. मामा सेवानिवृत्त आहेत आणि गेली काही वर्षे ते आजोबांच्या आठवणी संगणकावर लिहून काढीत आहेत. आजोबांच्या वह्या, घराच्या मोडी कागदपत्रांची छायाचित्रे आणि त्यांवरून मामांनी स्वतः टाइप केलेली सुमारे दोनशे पाने एवढा ऐवज त्यांच्या संगणकाच्या ‘डी ड्राइव्ह’मध्ये आहे.

संगणक २०१५ सालचा. त्यावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ घ्यावे तर त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर या यंत्रात नाही. यंत्र तर धडधाकट आहे, मग ते भंगारात का द्यावे? आठवड्याभरातच दिवाळीची सुटी लागली आणि मी बडोद्याला गेलो. मामींचे हिशेबाचे काम विंडोजवरच्याच एका प्रोग्रामवर होते, म्हणून विंडोज काढून टाकता येईना. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसविले. संगणक सुरू करताना पडदा विचारतो, कोठे जायचे? ज्याला जिकडे जायचे त्याने तिकडे जावे. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी लिनक्समध्ये आपली फाइल उघडली, दोन-तीन पानांवर दुरुस्त्या केल्या आणि ‘सेव्ह’ केले. संगणकाने नकार दिला. फाइल फक्त वाचता येईल, तीत लिहिता येणार नाही, असे उत्तर आले. मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारले, “परत गेलं का रे सगळं?”

या ‘परत’ला एक इतिहास आहे. २०१९ साली हाच संगणक बिघडला होता. ज्या दुकानात तो दुरुस्तीला दिला, तेथे कोणी काही न विचारता सबंध हार्ड डिस्क फॉरमॅट करून परत दिली. त्या वेळी मामांची लिहून झालेली चाळीस पाने आणि आजीची काही छायाचित्रे गेली. पाने मामांनी पुन्हा लिहिली. छायाचित्रे पुन्हा येणे शक्य नव्हते.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. पण त्या संध्याकाळी मामांना “काही गेलेले नाही” असे छातीठोकपणे सांगता यावे एवढ्यासाठी मला हा विषय मुळातून समजून घ्यावा लागला. आपल्या महाविद्यालयातही एकाच संगणकावर दोन्ही यंत्रणा वापरणारे विद्यार्थी व प्राध्यापक आता बरेच आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे समजले ते येथे मांडीत आहे.

विभाग म्हणजे काय?

आपल्या हाती असलेला हा अंकच उदाहरणादाखल घ्या. बांधणी एक, मुखपृष्ठ एक, पण आत मराठी विभाग वेगळा आणि कन्नड विभाग वेगळा. कोणता विभाग कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, हे अनुक्रमणिकेत लिहिलेले असते. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. डिस्क एकच, परंतु तिचे ‘पार्टिशन’ म्हणजे विभाग पाडलेले असतात आणि डिस्कच्या आरंभी एक कोष्टक असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची नोंद त्या कोष्टकात असते. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर कोष्टकात मुख्य विभाग चारच करता येत, आणि दोन टेराबाइटच्या पलीकडची डिस्क त्याच्या आवाक्यात येत नसे. आता जीपीटी नावाचे नवे कोष्टक प्रचारात आहे. त्यात या अडचणी नाहीत.

विंडोज आपल्या विभागांना सी, डी, ई अशी अक्षरे देते. ही अक्षरे डिस्कवर कोरलेली नसतात. ती विंडोजने आपल्या सोयीसाठी दिलेली नावे आहेत. म्हणून लिनक्समध्ये गेल्यावर ‘सी’ आणि ‘डी’ शोधू लागलो तर ते सापडत नाहीत. लिनक्स डिस्कला आणि तिच्या विभागांना आपल्या पद्धतीने क्रमांक देते. जुन्या प्रकारच्या डिस्कला ‘एसडीए’ आणि तिच्या विभागांना ‘एसडीए१’, ‘एसडीए२’ अशी नावे मिळतात. नव्या एनव्हीएमई डिस्कची नावे याहून लांब असतात. मामांचा ‘डी’ लिनक्समध्ये ‘एसडीए५’ झाला होता. पत्ता बदलला, घर तेच.

या यादीत काही लहान-लहान विभागही दिसतात. त्यांतील एक, साधारणतः काहीशे मेगाबाइटचा, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामांसाठी असतो. एखादा विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला असतो. आपण त्यांना ओळखत नाही म्हणून ते निरुपयोगी आहेत असे समजून हात लावू नये. लिनक्स बसविण्यासाठी जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, सी किंवा डी विभाग आक्रसून करावी, आणि त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. हा क्रम आम्ही पाळला होता.

येथे २०१९ च्या दुकानदाराची चूक ध्यानात येते. विंडोज होते सी विभागात. बिघाड तेथेच होता. सी पुसून विंडोज पुन्हा बसविले असते तर डी विभागाला धक्काही लागला नसता. अंकाची चार पाने खराब छापली म्हणून कोणी सगळा अंक रद्दीत घालीत नाही.

फाइल-पद्धती : ग्रंथालयाचे उदाहरण

विभाग पाडले म्हणजे नुसती जागा तयार झाली. त्या जागेत फाइली कशा मांडायच्या याचा जो नियम, त्याला फाइल-पद्धती म्हणतात. हे मला नीट उमगले ते बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीमुळे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. मांडवीजवळच्या या ग्रंथालयात पोलादी कपाटांचे मजले आहेत आणि खालपर्यंत उजेड जावा म्हणून मधल्या तक्तपोशी जाड काचेच्या आहेत. पण वाचक पुस्तक शोधायला कपाटांमधून हिंडत नाही. तो आधी तालिका पाहतो. तालिकेत पुस्तकाचे नाव आणि त्याची जागा असते. त्या जागी गेले की पुस्तक मिळते.

डिस्कवर फाइली म्हणजे पुस्तके, आणि फाइल-पद्धती म्हणजे तालिका ठेवण्याची रीत. विंडोजची रीत एनटीएफएस नावाची. ती १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्सच्या बऱ्याच वाणांत आज एक्स्ट४ ही रीत वापरतात. ती २००८ साली पक्की झाली. दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण एकीची तालिका दुसरीसारखी नाही.

‘फॉरमॅट’ म्हणजे काय, हेही यावरून कळते. नेहमीच्या झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तके जाळीत नाहीत. जुनी तालिका फेकून कोरी तालिका मांडतात. कपाटातील पुस्तके काही काळ तेथेच असतात, मात्र ती कोठे आहेत हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि नवी पुस्तके आली की त्यांच्याच जागी ठेवली जातात. म्हणून चुकून फॉरमॅट झाल्यास पहिली गोष्ट करायची ती ही, की त्या डिस्कवर काहीही नवे लिहायचे नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून अशा स्थितीत टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारख्या मोफत प्रोग्रामांनी पुष्कळदा फाइली परत मिळतात. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर ही आशा फार थोडी, कारण मोकळ्या झालेल्या जागा पुसून ठेवण्याची सूचना तिला यंत्रणेकडूनच मिळते. मामांच्या डिस्कची तबकडी फिरती होती. पण दुकानात फॉरमॅटनंतर लगेच नवे विंडोज आणि वर ढीगभर प्रोग्राम घातले होते. वर्षभराने आम्ही शोध घेतला तेव्हा त्या जागा केव्हाच भरून गेल्या होत्या.

दुभाष्या

मग लिनक्सला विंडोजची तालिका वाचता येते ती कशी? मध्ये दुभाष्या असतो म्हणून. संगणकाच्या भाषेत त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बडोदे संस्थानातच याचे एक सुंदर उदाहरण आहे. १९३१ साली संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश काढला. राज्यकारभारातील एकेका शब्दाला आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी मांडले आहेत. कल्पना एक, नावे आठ. ड्रायव्हरही हेच करतो. लिनक्सने “अमुक फाइल दे” म्हटले की तो एनटीएफएसच्या तालिकेत तिचे नाव शोधून देतो.

हे काम सोपे नव्हते, कारण एनटीएफएसची सविस्तर घडण मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेली नव्हती. आरंभीच्या काळात लिनक्सला विंडोजच्या विभागातून वाचता येई, पण लिहिणे भरवशाचे नव्हते. २००७ साली ‘एनटीएफएस-३जी’ हा ड्रायव्हर स्थिर स्वरूपात आला आणि लिहिणेही सुरक्षित झाले. पुढे २०२१ साली पॅरागॉन या कंपनीने आपला ‘एनटीएफएस३’ हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याला दिला आणि तो ५.१५ या आवृत्तीत सामील झाला. तेव्हा लिनक्समधून विंडोजच्या विभागात लिहिताच येत नाही, हा जो समज अजून ऐकू येतो, तो जुना झाला आहे.

जोडणी

दुभाष्या असला तरी विभाग आपोआप उघडत नाही. लिनक्समध्ये तो ‘माउंट’ करावा लागतो, म्हणजे जोडून घ्यावा लागतो. विंडोजमध्ये प्रत्येक विभागाचे झाड वेगळे. लिनक्समध्ये झाड एकच, आणि नवा विभाग त्या झाडाच्या एखाद्या फांदीला कलम करतात. ज्या फोल्डरला कलम केले त्या फोल्डरमध्ये शिरले की विभाग उघडा.

रोजच्या कामाला फाइल दाखविणाऱ्या खिडकीत डाव्या बाजूला विभागाच्या नावावर टिचकी मारणे पुरेसे असते. कधी पासवर्ड विचारला जातो. नाव ओळखता येत नसेल तर टर्मिनलमध्ये ‘एल-एस-बी-एल-के’ ही पाच अक्षरे एका शब्दात, लहान लिपीत टाइप करावी. सर्व डिस्का, त्यांचे विभाग आणि प्रत्येकाचा आकार यांची यादी समोर येते. आकारावरून आपला विभाग चटकन ओळखता येतो. मग एक रिकामे फोल्डर करून ‘माउंट’ या आज्ञेपुढे विभागाचे नाव आणि फोल्डरचे नाव द्यायचे. काम झाले की ‘अमाउंट’ ही आज्ञा द्यायची. इंग्रजीत तिचे स्पेलिंग ‘यू-एम-ओ-यू-एन-टी’ असे आहे, यू नंतरचा एन गाळलेला. तो घालून मी पंधरा मिनिटे वाया घालविली.

दर वेळी हा खटाटोप नको असेल तर ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत एक ओळ लिहून ठेवतात, म्हणजे संगणक सुरू होतानाच विभाग जोडला जातो. या ओळीत ‘एसडीए५’ असा क्रमांक न लिहिता विभागाचा यूयूआयडी हा कायमचा ओळखक्रमांक लिहावा, कारण दुसरी डिस्क लावली की क्रमांक बदलू शकतात. तसेच ‘नोफेल’ हा शब्द त्या ओळीत अवश्य घालावा. तो नसेल आणि एखादे दिवशी विभाग सापडला नाही, तर संगणक सुरू होता होता अडून बसतो. या फाइलीला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत करून ठेवावी.

मामांची फाइल का अडली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जोडणी ठीक, दुभाष्या ठीक, मग लिहिता का येईना?

कारण विंडोज झोपले नव्हते, झोपेचे सोंग घेऊन पडले होते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून, आपण ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पुरते बंद होत नाही. आपल्या गाभ्याची त्या क्षणीची सारी स्थिती ते डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालू लागते. समजा, एक कारकून खतावणी उघडी ठेवून, कोणत्या ओळीवर आहोत ते मनात धरून डुलकी घेतो आहे. तेवढ्यात दुसऱ्या कोणी येऊन त्याच खतावणीत चार नोंदी केल्या. कारकून जागा झाला की तो मनातल्या हिशेबानेच पुढे लिहू लागणार. अशा वेळी नव्या नोंदींवर जुन्या चढतात आणि सगळी खतावणी बिघडते.

लिनक्सचा ड्रायव्हर हे ओळखतो. विंडोजचा विभाग व्यवस्थित मिटलेला नाही असे दिसले की तो एक तर जोडायलाच नकार देतो, नाही तर वाचण्यापुरता जोडतो. विंडोजने धरून ठेवलेले सगळेच विभाग या अवस्थेत असतात. म्हणून केवळ सी नव्हे, डी देखील अडला. मामांना ज्याची भीती वाटली तो नकार वास्तविक त्यांच्या दोनशे पानांचे रक्षण करीत होता.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवरच्या बटनाने काय करावे हे ठरविण्याची जागा आहे. तेथे ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून टाकावी. एखाद्याच वेळी हवे असेल तर शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ करावे, किंवा विंडोजमधून ‘रिस्टार्ट’ करून लिनक्सकडे यावे. ‘रिस्टार्ट’च्या वेळी विंडोज खरोखरच पुरते मिटते. नावावरून उलटे वाटेल, पण तसेच आहे. आम्ही खूण काढली, संगणक बंद करून पुन्हा लिनक्समध्ये आलो. मामांची दुरुस्ती पहिल्याच फटक्यात साठविली गेली.

या ठिकाणी एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. काही जण अशा वेळी झोपलेल्या विंडोजची ती फाइल जबरदस्तीने काढून टाकण्याचा पर्याय सुचवितात. त्याने विभाग उघडतो हे खरे, पण विंडोजमध्ये न साठविलेले जे काही असेल ते जाते. दुसरे, ‘एनटीएफएसफिक्स’ नावाचा एक प्रोग्राम आहे. तो काही किरकोळ दोष दुरुस्त करतो आणि विभागावरची ‘अव्यवस्थित’ ही खूण काढतो. पण ती खरी तपासणी नव्हे. एनटीएफएसची खरी तपासणी विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच करून घ्यावी. ताप मोजणे थांबविले म्हणजे ताप उतरला असे होत नाही.

देवनागरी नावांचा घोळ

पुढचा अनुभव इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मामांना फाइलींना लांबलचक मराठी नावे देण्याची हौस आहे. कधी कधी फाइलीच्या नावातच सगळा प्रसंग येतो. या फाइली डी विभागातून लिनक्सच्या विभागात उतरवू लागलो, तर काहींच्या बाबतीत “नाव फार लांब आहे” असे उत्तर आले. विंडोजला जे नाव चालते ते लिनक्सला का चालू नये?

दोघांचीही मर्यादा २५५ चीच आहे, पण मोजण्याची मापे वेगळी. एनटीएफएसमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक म्हणून मोजले जाते. एक्स्ट४ बाइट मोजते, आणि लिनक्सच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शिवाय काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे. ‘रावपुरा’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द दिसतो. त्यात चिन्हे सात, म्हणजे बाइट एकवीस. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, पण चिन्हे सहा आणि बाइट अठरा! २५५ ला ३ ने भागले की ८५ येतात. तेव्हा लिनक्सवर देवनागरी नाव ८५ चिन्हांच्या आतच बसवावे, आणि फाइलीच्या शेवटी बिंदूनंतर येणाऱ्या इंग्रजी अक्षरांनाही त्यात जागा ठेवावी.

याच्या उलट अडचणही येते. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात विसर्गासारखे दिसणारे ‘कोलन’ चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजमध्ये चालत नाही. लिनक्समधून डी विभागात अशा नावाची फाइल ठेवली तर विंडोजला ती उघडता येत नाही. नावे साधी ठेवावीत हे उत्तम.

मामांच्या आरंभीच्या काही फाइली उघडल्या, पण आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसला. हा डिस्कचा दोष नव्हता. त्या फाइली युनिकोडपूर्वीच्या पद्धतीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, केवळ त्यांचे चित्र मराठी असते. तो फॉन्ट लिनक्समध्ये बसविला की मजकूर दिसू लागतो. कायमचा इलाज मात्र मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच. आपल्यापैकी ज्या प्राध्यापकांची जुनी टिपणे अशा फॉन्टमध्ये आहेत त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

दाराची कडी आणि तिजोरी

डी विभाग लिनक्समध्ये उघडल्यावर मामांनी एक मार्मिक प्रश्न विचारला. “विंडोज मला पासवर्ड विचारतं. याने तर विचारलाच नाही. मग तो पासवर्ड कसला?” प्रश्न बरोबर आहे. विंडोजचा पासवर्ड म्हणजे विंडोजच्या दाराची कडी. लिनक्स त्या दाराने आत येतच नाही. याचा अर्थ असा, की आपला संगणक ज्याच्या हाती पडेल तो पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आपल्या फाइली वाचू शकतो.

यावर इलाज म्हणून विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ आहे. त्यात सगळा विभागच सांकेतिक लिपीत लिहिला जातो. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपवर अशा प्रकारची व्यवस्था मालकाच्या ध्यानीमनी नसताना चालू असते. अशा विभागाचे लिनक्सला आधी काहीच आकलन होत नाही. ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ जवळ असेल तर तो उघडता येतो. लिनक्सच्या ‘क्रिप्टसेटअप’ या साधनात २०२० पासून ही सोय आहे. परंतु किल्ली हरवली तर विंडोज, लिनक्स, दुकानदार कोणीही काही करू शकत नाही. लिनक्स बसविल्याने संगणक सुरू होण्याची पद्धत बदलते, आणि तो बदल पाहून विंडोजही पुढच्या खेपेस ही किल्ली मागू शकते. म्हणून नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसविण्यापूर्वी ती किल्ली कागदावर उतरवून ठेवणे हे पहिले काम.

“होय दाबू का?”

दिवाळी संपवून मी इकडे परतलो. निघण्यापूर्वी मामांच्या लिखाणाची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून दिली होती. त्यात माझ्या हातून चूक झाली. तो पेन ड्राइव्ह मी लिनक्समध्ये एक्स्ट४ पद्धतीने तयार केला होता. लिनक्स विंडोजची तालिका वाचते, पण विंडोज लिनक्सची तालिका आपण होऊन वाचत नाही. हे मला ठाऊक होते, पण त्या वेळी सुचले नाही.

डिसेंबरात एका सकाळी मामांचा फोन आला. मामी विंडोजमध्ये काम करीत होत्या, तेव्हाच मामांनी पेन ड्राइव्ह लावला होता. “हे म्हणतंय, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. होय दाबू का?”

मी वर्गाबाहेर उभा होतो. “मामा, काही दाबू नका. तसाच काढून ठेवा,” एवढेच मला बोलता आले.

ज्याला कन्नड वाचता येत नाही अशा एखाद्याने आपल्या अंकाचा कन्नड विभाग पाहून “ही पाने कोरी आहेत, फाडून नवी लावू का?” असे विचारावे, तसा हा प्रश्न होता. विंडोज खोटे बोलत नव्हते. त्याला वाचता येत नव्हते, आणि न वाचता येणे व कोरे असणे यांतील फरक ते सांगत नव्हते. मामांनी विचारले म्हणून निभावले. २०१९ मध्ये मामांना कोणी विचारले नव्हते.

दोन्ही यंत्रणांत वापरायचा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने तयार करावी. विंडोज ती वाचते, आणि लिनक्सच्या गाभ्यातही २०१९ पासून तिची सोय आहे. जुनी फॅट३२ पद्धतही दोघांना चालते, पण तिच्यात चार गिगाबाइटची एक फाइलही मावत नाही.

अखेरीस दोन शब्द. संगणक “वाचता येत नाही”, “लिहिता येत नाही”, “फॉरमॅट करावे लागेल” असे म्हणतो तेव्हा माणूस घाबरतो आणि घाबरून एखादे बटन दाबतो. हानी होते ती बहुधा त्या बटनाने. तेव्हा थांबून एवढेच पाहावे, की पाने खरोखर गेली आहेत, का केवळ समोरच्याला ती वाचता येत नाहीत? दुरुस्तीला यंत्र देताना कोणता विभाग पुसायचा नाही हे कागदावर लिहून द्यावे. आणि ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी नाही ते लिखाण सुरक्षित आहे असे मानू नये.

मामांच्या आठवणी आता दोनशे सोळा पानांवर पोचल्या आहेत. एक प्रत रावपुऱ्यात डी विभागात आहे, एक एक्सफॅट केलेल्या डिस्कवर मामींच्या कपाटात आहे आणि तिसरी माझ्या खोलीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा नवी पाने मला पाठवितात. फाइलींची नावे मात्र त्यांनी आता आखूड केली आहेत.